जांबगव्हाणची तहकूब सभा आणि जागतिक लोकशाही

जांबगव्हाण ग्रामपंचायतीची ग्रामसभा गेली एकवीस वर्षे नियमाप्रमाणे तहकूब होत आली आहे. यावरून ती होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणून आमच्या गावात शंभर मतदार हजर लागतात. अर्धा तास वाट पाहूनही ते आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची गरज राहत नाही. म्हणजे कायदा आधी शंभर माणसे मागतो आणि ती न आल्यास शून्यावर समाधान मानतो. एवढ्या मोठ्या मनाचा कायदा आमच्या गावाने वाया जाऊ दिलेला नाही.

कामाची पद्धत ठरलेली आहे. सभेची नोटीस माझ्या दुकानात निघते. मूर्तिजापूर-अंजनगाव रस्त्यावरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे. शिवाय अमरावतीच्या एका दैनिकाचा मी वार्ताहर आहे. नोटीस २००४ साली टाइप झालेली आहे, दर वेळी मी तारीख बदलतो. मग पंचायतीचे शिपाई नत्थुजी दुपारी दोन वाजता दवंडी देतात. त्या वेळी सारे गाव शेतात असल्यामुळे दवंडी कोणाच्या कामात व्यत्यय आणत नाही. तहकूब सभेला गणपूर्ती नको असली, तरी कागदावर हजेरी भरलेली बरी, म्हणून संध्याकाळी लोक परतले की नत्थुजी हजेरीचे रजिस्टर काखेत मारून घरोघर जातात. दारात उभ्याउभ्या नवऱ्याची सही बायको करते, बायकोची सही मुलगा करतो. सही कशाची, हा प्रश्न गावात शेवटचा कोणी विचारला, ते नत्थुजींनाही आठवत नाही.

माझा वाटा बातमीचा. ‘ग्रामसभा उत्साहात संपन्न’ अशी बातमी मी सभेच्या वेळेआधीच पाठवून देतो, कारण तालुक्याचे पान पाच वाजता बंद होते. आजवर एकही खुलासा छापावा लागलेला नाही.

या सुरळीत कारभारात एकच अडचण होती. सुंदराबाई खरोखर सभेला येत.

सुंदराबाई नाल्यापलीकडच्या बौद्धपुऱ्यात राहतात. एकोणीस घरे पलीकडे, शाळा अलीकडे आणि मध्ये नाला. नाल्यावर वीज मंडळाचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला आहे आणि पलीकडची मुले त्यावरून शाळेत येतात. सुंदराबाईंची नात पायल दुसरीत आहे. मागच्या श्रावणात ती खांबावरून घसरली, हात मोडला आणि उरलेला पावसाळा घरी बसली. सुंदराबाईंना नाल्यावर अकरा फुटांची पुलिया पाहिजे होती. त्यांचे मागणे एवढेच होते आणि त्या सहा वर्षे ते मागत होत्या.

ग्रामसेवकाला आमच्याकडे सचिव म्हणतात. आमचे सचिव धर्मेंद्र हे अत्यंत सभ्य आणि नियमाचे गृहस्थ. दर सभेला ओस हॉलमध्ये हे दोघे समोरासमोर बसत.

“सचिव साहेब, पुलियाचं घ्या नं आता.”

“सुंदराबाई, तो विषय अजेंड्यावर नाही. तो ऐनवेळचा विषय झाला.”

“मंग ऐनवेळी घ्या. मी ऐनवेळेलेच तं आली.”

“तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही.”

“सा वर्सं झाली साहेब. अजून नवीनच हाय काय?”

“ज्यावर चर्चा झाली नाही, तो विषय नवीनच असतो.”

“मंग अजेंड्यात टाका.”

“त्यासाठी आधीच्या सभेचा ठराव लागतो.”

“आधीची सभा झाली काय?”

“झाली ना,” सचिव शांतपणे म्हणत, “तहकूब झाली.”

यानंतर नत्थुजी सुंदराबाईंना चहा देत. गावाने त्यांची उपेक्षा केली, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

अशा परिस्थितीत आमच्या गावात जग आले.

‘जागतिक सुशासन, मानवी हक्क व लोकशाही संवाद मंच’ या नावाची एक मोठी संस्था जिनिव्हात आहे. एकशे चाळीस देश तिचे सभासद. तिचे सल्लागार डॉ. दानियाल मूळचे अकोल्याचे. वडिलांचे तिथे कूलर दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगा मात्र शिकून थंड देशात गेला. तळागाळातला लोकसहभाग कसा असतो, हे पाहायला मंचाने त्यांना पाठवले होते. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांची गाडी बिघडली आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यांनी आमचा लोकसहभाग पाहायचे ठरवले.

मंचाची स्वतःची अवस्था नाजूक होती. जगाचा कारभार सुधारण्याचा ठराव तिथे अकरा वर्षे पडून होता. तो मंजूर व्हायला दोन तृतीयांश देश हजर लागतात. देशांचे प्रतिनिधी उद्घाटनाला येत, फोटोपर्यंत थांबत आणि जेवणानंतर दिसेनासे होत. शेवटच्या बैठकीत मानवी हक्कांवर मतदान पुकारले तेव्हा सभागृहात नऊ देश आणि अकरा दुभाषे उरले होते.

दानियाल साहेबांनी आमचे रजिस्टर उघडले. सचिवांना वाटले तपासणी आली.

“चारशे बारा सह्या,” दानियाल साहेब म्हणाले. “या हॉलमध्ये माणसं किती मावतात?”

“दाटून बसले तं चाळीस,” सरपंच अब्दुल सत्तार प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे आणि त्यांना वाकवलेले बोलता येत नाही.

“आणि ठराव?”

“समदे एकमतानं मंजूर.”

“एकवीस वर्षांत विरोध झालाच नाही?”

“कसा होईन साहेब? विरोध कराले माणूस यावं लागते.”

दानियाल साहेबांनी चष्मा काढला. सचिव निलंबनाच्या तयारीने उभे राहिले. पण साहेब चष्मा पुसत म्हणाले, “धर्मेंद्रजी, तुमच्याकडे जे आहे, ते साऱ्या जगाला पाहिजे.”

गाडी त्याच दिवशी दुरुस्त झाली, तरी ते तीन दिवस राहिले. त्यांनी अठ्ठ्याऐंशी पानांचा अहवाल लिहिला. त्याची प्रत माझ्याच दुकानात निघाली, म्हणून मला वाचता आली. त्यात आमच्या पद्धतीला ‘दारपोच लोकशाही’ म्हटले होते. नत्थुजी ‘सहभाग संकलक’ झाले होते. माझ्या बातमीला ‘पूर्वनियोजित पारदर्शकता’ असे नाव होते, हे वाचून मला संकोच वाटला आणि मी त्या पानाची एक प्रत स्वतःसाठी काढून ठेवली. सुंदराबाईंचा उल्लेख तळटीपेत होता. त्यांना ‘अवशिष्ट उपस्थिती’ म्हटले होते आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करावी, अशी शिफारस होती.

मंचाने हे ‘जांबगव्हाण प्रारूप’ लगेच स्वीकारले. स्वीकारताना सभागृहात सहा देश होते. नत्थुजींना रजिस्टरसह जिनिव्हाला बोलावण्यात आले. सरपंचांनी त्यांना नवा पायजामा शिवून दिला आणि मी पासपोर्टचा फॉर्म फुकट भरला.

पुढची हकिकत नत्थुजींच्या तोंडची आहे. सकाळी दहाला त्यांनी पहिल्या देशाचे दार वाजवले. रजिस्टर उघडून बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, इथं.” साहेबाने सही केली. एका बलाढ्य देशाच्या बाईंनी आधी मसुदा वाचायला मागितला. नत्थुजी म्हणाले, “बाई, वाचत बसलं तं बाकीचे घरं राहून जातीन.” दुभाष्याने ते सांगितले आणि बाईंना पटले. एकमेकांशी लढाई चालू असलेले दोन देश रजिस्टरात लागोपाठ आले. खालच्याने वरची सही पाहून पेन झटकले. पण सही केली. एक प्रतिनिधी दाताच्या दवाखान्यात गेला होता, तर त्याची सही शेजारच्या देशाने केली.

“असं चालते काय हो तिकडं?” मी विचारले.

“कावून नाई चालणार? शेजारी हाये. ओळखते तो त्याले.”

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस सह्या झाल्या. जे काम जगातल्या थोर मुत्सद्द्यांना अकरा वर्षांत जमले नव्हते, ते आमच्या शिपायाने चपला न काढता एका दिवसात उरकले.

आता फक्त सभा न होणे बाकी होते. ती आमच्याच गावात न व्हावी, हा मान मंचाने आम्हाला दिला. जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात मांडव पडला. जगाला घरबसल्या पाहता यावे म्हणून कॅमेरे लागले. निमंत्रणपत्रिका मी छापली. ‘आपल्या अनुपस्थितीने सभेची शोभा वाढवावी’ हे वाक्य दानियाल साहेबांनी स्वतः तपासून दिले होते.

आदल्या दिवशी सरपंच सुंदराबाईंच्या घरी गेले.

“सुंदराबाई, उद्याच्याले नको येऊ. दुनिया पाहून राह्यली.”

“दुनिया पाहून राह्यली तं बरंच हाय नं, सत्तारभाऊ. नाल्यावर पुलिया नाई, हे तिलेबी दिसन.”

“अवं, तू आली तं त्यांचा समदा हिसाब बिघडते. तिथं कोनीच नसावं लागते.”

“मंग मले कोनीच नाई असं समजा. सा वर्सं समजूनच तं राह्यले.”

सरपंच परत आले आणि बराच वेळ वेल्डिंगचे काम करत बसले.

ठरल्या वेळी सचिवांनी घड्याळ पाहून अर्धा तास वाट पाहिली, जगाची सभा गणपूर्तीअभावी तहकूब केली आणि त्याच जागी पुन्हा सुरू केली. चारशे रिकाम्या खुर्च्या होत्या. तिसऱ्या रांगेत सुंदराबाई होत्या. कॅमेरेवाल्याने त्यांना चौकटीबाहेर ठेवले होते. सचिव एकेक कलम वाचू लागले. कलम एक, सर्व माणसे समान आहेत. मंजूर? शांतता. मंजूर. कलम चार, कोणत्याही देशाने दुसऱ्यावर हल्ला करू नये. मंजूर? मांडवाचे कापड फडफडले. मंजूर. अशी सोळा कलमे वीस मिनिटांत झाली. दूर कुठेतरी लोक टाळ्या वाजवत असावेत, असे दानियाल साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटले.

आणि मग सचिवांकडून चूक झाली. एकवीस वर्षांची सवय होती. सोळावे कलम संपताच त्यांच्या तोंडून आपोआप निघाले, “मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.”

सुंदराबाई उठल्या, माइकपाशी गेल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, “जांबगव्हाणच्या नाल्यावर अकरा फुटाची पुलिया पाह्यजे. लेकरं पडतात.”

तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही, असे सांगायला सचिवांनी तोंड उघडले. दानियाल साहेबांनी घाईघाईने मंचाची घटना चाळली. तो नियम त्यांनीच अहवालातून ‘स्थानिक तपशील’ म्हणून गाळला होता. आता कॅमेरा सुंदराबाईंवर होता आणि जग पाहत होते. “मंजूर?” सचिवांनी क्षीण आवाजात विचारले. विरोध करायला तिथे कोणीही नव्हते. कलम सतरा मंजूर झाले. त्याखाली एकशे चाळीस देशांच्या सह्या आधीच होत्या.

सुंदराबाई घरी गेल्या आणि त्यांनी पायलला सांगितले की पुलिया झाली. खरे सांगतो, त्या दिवशी मलाही फार आनंद झाला होता.

पहिल्या सोळा कलमांवर कोणत्याही देशाने काही हरकत घेतली नाही. सतरावे मात्र वाचले गेले, कारण त्यात लांबी दिली होती. ज्या कलमात फुटांचा उल्लेख आहे ते खरेच करावे लागेल की काय, अशी भीती पसरली. एका देशाने विचारले की आज जांबगव्हाणचा नाला, तर उद्या आमच्या नाल्यांचे काय? दुसऱ्याने पुलिया हा अंतर्गत प्रश्न ठरवला. तिसऱ्याने पुलियाला तत्त्वतः पाठिंबा देऊन नाल्याबद्दल चिंता व्यक्त केली. अमरावतीच्या एका हॉटेलात ‘पुलिया : हक्काधारित दृष्टिकोन’ या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. सुंदराबाईंना श्रोत्यांमध्ये बसवले होते. जेवण चांगले होते, असे त्यांनी मला सांगितले.

अखेर मंचाने तोडगा काढला. निर्णय लोकांच्या जवळात जवळ व्हावा हे लोकशाहीचे तत्त्व आहे, म्हणून कलम सतरा जांबगव्हाणच्या ग्रामसभेकडे परत पाठवण्यात यावे. मात्र विषय जागतिक महत्त्वाचा असल्याने या एका सभेपुरती गणपूर्ती खरी असावी. शंभर मतदार प्रत्यक्ष बसलेले असावेत. सह्या नव्हे, डोकी मोजली जातील. एक जरी कमी भरले तरी कलम रद्द होऊन विषय पुन्हा नवीन समजला जाईल.

एकवीस वर्षांत गावावर असा प्रसंग आला नव्हता. सुंदराबाई पंधरा दिवस घरोघर फिरल्या. त्यांच्या हातात रजिस्टर नाही हे पाहून लोक गोंधळत. एकाने सवयीने पेन काढले, तर त्या म्हणाल्या, “सही नाई पाह्यजे बाप्पा. तू पाह्यजे.” माझ्या दुकानातही आल्या.

“जीवनभाऊ, येशीन नं?”

“म्हणजे काय सुंदराबाई! बातमी मलाच तर लिहायची आहे.”

दिवाळीनंतरचे दिवस होते. शेतात कापूस फुटला होता. सभेच्या दिवशी बायका अर्ध्या दिवसाची वेचणी सोडून आल्या. जे जन्मात ग्रामपंचायतीची पायरी चढले नव्हते, ते आले. हॉल पुरेना म्हणून सभा अंगणात घेतली. चार वाजता दानियाल साहेबांनी स्वतः डोकी मोजली, मग उलट्या बाजूने मोजली. दोन्हीकडून नव्व्याण्णव. सचिव परगावचे, दानियाल साहेब अकोल्याचे. त्यांची डोकी धरता येत नव्हती.

मी दुकानात होतो. ग्रामपंचायत तिथून पन्नास पावले. पान पाच वाजता बंद होणार होते आणि बातमी मोठी होती, म्हणून ती आधी लिहून मग जावे, असे माझे ठरले होते. ‘लोकशाहीचा अभूतपूर्व जागर’ इथपर्यंत मी आलो होतो.

शेतातून आणखी कोणी येईल म्हणून वाट पाहता पाहता साडेचारला दोनच मिनिटे उरली. “नत्थुजी, पया,” सुंदराबाई म्हणाल्या. “जीवनभाऊले घेऊन या.”

नत्थुजी पळाले. पळता पळता टेबलावरचे रजिस्टर त्यांनी काखेत मारले. ते घेतल्याशिवाय घराबाहेर कसे पडायचे, हे त्यांना माहीतच नव्हते. माझ्या दारात धापा टाकत ते म्हणाले, “जीवनभाऊ, तुह्यावाचून अडलं बापा.” आणि रजिस्टर माझ्यासमोर उघडून बोट ठेवले. मी पडद्यावरची नजर न काढता सही केली. “झालं,” नत्थुजी म्हणाले आणि आले तसे पळत परत गेले. काय राहिले, हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

साडेचारला सह्या शंभर आणि डोकी नव्व्याण्णव भरली. सचिवांनी डोळे पुसले, असे लोक सांगतात. पण नियम नियम आहे. त्यांनी सभा तहकूब केली. तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही.

सहा वाजता सुंदराबाई दुकानात आल्या. रागावल्या नव्हत्या, म्हणून मला जास्त लाज वाटली.

“कुठी होता रे जीवनभाऊ?”

“बातमी लिहीत होतो.”

“काय लिवलं? वाच बरं.”

मी वाचून दाखवली. ग्रामसभा प्रचंड उपस्थितीत संपन्न झाली होती. पुलियाचा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला होता. बातमी गेलेली होती आणि पान बंद झाले होते. सुंदराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“बरं हाय,” त्या म्हणाल्या. “मंग पायल उद्यापासून तुह्या बातमीवरून जाईन शाळेत.”

बातमी दुसऱ्या दिवशी रंगीत छापून आली. गावचे मतदार असलेल्या आणि अमरावती-अकोल्यात स्थायिक झालेल्या एकशे बारा जणांनी फोनवर अंगठे आणि फुले पाठवून लोकशाहीचे अभिनंदन केले. त्यांतला एक कोणीही तासाभराची एसटी धरून आला असता, तर पुलिया झाली असती. मी कोणाला तसे लिहिले नाही. मी स्वतः पन्नास पावलांवर होतो.

वाचकहो, माझ्यावर तुम्ही रागावलात, ते योग्यच आहे. तुमच्या सोसायटीची किंवा वॉर्डाची मागची सभा किती वाजता तहकूब झाली, हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही. त्यात कोणाचे काय राहून गेले, तेही नाही. हजेरीच्या वहीत सही तुमचीच आहे.